वाळू धुतली आणि मासे गेले

महाड परिसरातील एका शाळेत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मोठ्या हौसेने उभारली होती. पाणी हरिहरेश्वरहून आणलेले, तळाशी दुकानातून घेतलेली पांढरी प्रवाळवाळू आणि तीन पट्टेरी क्लाउन मासे. शाळेच्या तपासणीआधी वाळूवर तपकिरी शेवाळ दिसू लागले. मुलांनी सगळी वाळू उपसली, नळाच्या पाण्याने खळखळून धुतली आणि परत घातली. टाकी चकचकीत झाली, पण आठवड्याच्या आत तिन्ही मासे मेले. पाणी तेच, खाद्यही तेच. मग बदलले काय? शिक्षकांनी हा प्रश्न आमच्यापुढे ठेवला.

बदलली होती ती वाळूवरची वस्ती. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले खाद्य कुजते, त्यातूनही अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो आणि समुद्राच्या पाण्यासारख्या किंचित अल्कधर्मी पाण्यात अधिकच घातक ठरतो. वाळूच्या कणांवर चिकटून राहणारे काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये, तर दुसरे काही नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्रेट माशांना पुष्कळच कमी अपायकारक असते.

ही वस्ती केवढी असते, याचा हिशेब करू. टाकीचा तळ 60 सेंमी × 30 सेंमी आणि वाळूचा थर 3 सेंमी, म्हणजे वाळू 5.4 लिटर. कण 1 मिमी व्यासाचे गोल मानले आणि मधल्या पोकळ्या 40 टक्के धरल्या, तर सर्व कणांचे पृष्ठफळ सुमारे 19 चौरस मीटर भरते. 30 सेंमी उंचीच्या याच टाकीच्या काचेचे पृष्ठफळ, तळ धरून, जेमतेम पाऊण चौरस मीटर असते. म्हणजे जिवाणूंची बहुतेक घरे वाळूतच होती. नळाच्या गोड्या, क्लोरीनयुक्त पाण्याने ती एका दुपारी उद्ध्वस्त झाली. अशी वस्ती नव्याने वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे थांबू शकत नाहीत.

आता नवी वाळू कोणती घ्यावी? मुलांनी साहजिकच सावित्रीकडे बोट दाखवले. सावित्री महाबळेश्वरला उगम पावून पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. तिची वाळू काळसर, कारण ती सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेल्या बेसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या कातळाचा चुरा आहे. प्रवाळवाळू मात्र सजीवांच्या सांगाड्यांची, कॅल्शियम कार्बोनेटची बनलेली असते.

दोन्ही वाळूंवर व्हिनेगरचे थेंब टाका. प्रवाळवाळूतून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतील. नदीची वाळू बहुतांशी गप्प राहील. तिच्यातला एखादाच पांढरा कण फसफसला, तर तो कातळाच्या पोकळ्यांत सापडणारा कॅल्साइट असू शकेल. मग काळ्या वाळूवरून चुंबक फिरवा. मॅग्नेटाइटचे बारीक कण त्याला चिकटतील. असेच कण टाकीच्या पंपातील चुंबकाला चिकटतात आणि काच पुसण्याच्या चुंबकी पुसणीत अडकून काचेवर चरे पाडतात.

एक गैरसमज येथे दूर केला पाहिजे. प्रवाळवाळू पाण्याचा सामू आपोआप राखते, असे अनेकदा सांगितले जाते. सामू 8 च्या वर असताना ती जवळजवळ विरघळत नाही. थराच्या खोल भागात, जिवाणूंच्या श्वसनामुळे आम्लता वाढते तेथेच ती थोडी विरघळते. तेव्हा तिच्यावर विसंबून पाणी बदलणे टाळू नये.

प्रवाळाचे तुकडे किनाऱ्यावरून गोळा करू नयेत. प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. स्वयंपाकघरातून टाकून दिलेले तिसऱ्यांचे शिंपले उकळून, घासून, कुटून वापरता येतात. तेही कॅल्शियम कार्बोनेटच. मात्र धारदार कपच्या चाळून काढाव्यात. कण 1 ते 2 मिमीचे असावेत. फार बारीक वाळू पंपाच्या प्रवाहाने उडते, तर भरड वाळूत खाद्य अडकून कुजते.

जुनी वाळू एकदम काढू नये. एका वेळी चौथा भागच बदलावा आणि पुढच्या भागाआधी दोन-तीन आठवडे थांबावे. रबरी नळीने वाळू पाण्यासह ओढून घ्यावी. जी परत घालायची ती टाकीतून काढलेल्या खाऱ्या पाण्यातच हलकेच खळबळावी. थर खोल असून खाली काळा झाला असेल, तर तो ढवळू नये. ओहोटीला खाडीच्या चिखलातून येणारा कुजक्या अंड्यांसारखा वास आपल्या मुलांच्या ओळखीचा आहे. तो हायड्रोजन सल्फाइडचा. प्राणवायू न पोचणाऱ्या थरात हाच विषारी वायू साठतो. असा थर काढायचा असल्यास मासे आधी दुसऱ्या भांड्यात हलवावेत.

त्या शाळेने टाकी पुन्हा भरली आहे. या वेळी सहा आठवडे ती माशांविना ठेवून मुलांनी रोज अमोनिया मोजला. आकडा चढला, मग उतरत शून्यावर आला. ज्या दिवशी तो आलेख फळ्यावर लागला, त्या दिवशी नत्रचक्र वेगळे शिकवावे लागले नाही.