छावणी की बाजारपेठ?

शिरोली एमआयडीसीतून फिरताना एक गमतीचा विचार मनात येतो. सरळ रस्ते, ओळीने शेड, प्रत्येक प्लॉटला कुंपण आणि फाटक. दोन हजार वर्षांनी इथे उत्खनन होऊन नुसते पाये हाती लागले, तर संशोधक म्हणतील, ही लष्कराची छावणी! त्यांना खरे काय ते सांगेल फौंड्रीतली जळकी वाळू आणि स्लॅगची ढेकळे.

पंचगंगेपलीकडे, कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या सांकळिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केले. सातवाहनकाळची विटांची घरे निघाली. त्याच सुमारास तिथे मिळालेली पोसायडन या समुद्रदेवाची छोटी रोमन कांस्यमूर्ती टाऊन हॉल म्युझियमचे भूषण ठरली. म्हणून रोमन सैन्य कोल्हापुरात आले होते, असे कुणी म्हणत नाही. मूर्ती आली ती व्यापाराच्या वाटेने.

खुद्द रोमन साम्राज्यात मात्र हा प्रश्न इतका सोपा नाही. ब्रिटनमधले कोल्चेस्टर मूळचे सैन्याचेच. इ.स. ४९ मध्ये तिथे निवृत्त सैनिकांची वसाहत झाली. जुन्या बराकींतच काहींनी संसार थाटल्याचे उत्खननात दिसले. लंडनचेही तसेच असेल, असे वाटणे साहजिक होते. पण तिथला ठळक किल्ला सापडला तो इ.स. ६०-६१ च्या बूडिका राणीच्या बंडानंतरचा. म्हणजे आधी पेठ, मग पहारा! सुरुवातीच्या खंदकांवर बोट ठेवून छावणीची बाजू मांडणारे अभ्यासक आजही आहेत. वाद मिटलेला नाही.

माझा कौल पेठेला. कारण २०१० ते २०१४ या काळात, ब्लूमबर्ग कंपनीच्या इमारतीच्या जागी, ओल्या चिखलात टिकलेल्या चारशेहून अधिक लाकडी पाट्या निघाल्या. एकीवर तारीख आहे ८ जानेवारी, इ.स. ५७. गुलामीतून सुटलेला टिबुलस लिहून देतो, की पोचलेल्या मालाचे १०५ दिनार मी ग्रेटसचे देणे लागतो. ग्रेटसही पूर्वीचा गुलामच. बँकेत उमेद घालवलेल्या माझ्यासारख्याला हे चटकन ओळखू येते. ही तर चक्क प्रॉमिसरी नोट! रोमन फौजा उतरून तेव्हा जेमतेम चौदा वर्षे झाली होती.

आणि ही पाटी मिळाली कचऱ्याच्या भरावात. इमारतीचा पाया घालण्याआधी पुरातत्त्वज्ञांना तिथे खणायला सवड दिली गेली, म्हणून मिळाली. कोल्हापुरात नदीकाठचा एखादा जुना वाडा पाडून अपार्टमेंटचा पाया काढताना जेसीबीच्या बकेटमध्ये खापरे आणि जाड विटा आल्या, तर निदान दोन दिवस काम थांबवून म्युझियमला एक फोन करायला काय हरकत आहे?