पाटी वर!

आमच्या वर्गात तिसरी आणि चौथी एकत्र बसते, गुरुजी एकच. पावसात पत्र्यावर एवढा आवाज होतो की मागे बसलेल्यांना काही म्हणजे काही ऐकू येत नाही. म्हणून गुरुजी न बोलता फळ्यावर गणित लिहितात. आपण पाटीवर सोडवायचे आणि पाटी पालथी ठेवायची. गुरुजींनी हात वर केला की सर्वांची पाटी एकदम वर! कोणाचे चुकले ते त्यांना एका नजरेत कळते. एकेकाला उभे करण्यात तास जात नाही.

पूर्वी सगळे मिळून उत्तर ओरडायचे, तेव्हा मी नुसते तोंड हलवायचो. आता लपता येत नाही.

परवा गणित होते : रायगडावर महाराजांचा राज्याभिषेक १६७४ साली झाला, आपल्या महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ साली केला, मध्ये किती वर्षे? माझ्या पाटीवर ३५३, बाकीच्यांच्या २५३. पोरे हसली. गुरुजी नाही हसले. त्यांनी शंभर काड्यांची एक जुडी सोडून दहा-दहाच्या दहा जुड्या केल्या. तेव्हा समजले. नऊ शतकांतले एक सुटले, आठच उरली. ते कमी करायचे मी दरवेळी विसरत होतो.

काल हातच्याची पाच गणिते होती. चार बरोबर आली.