चंद्राच्या वाटेवरील प्रवासी

सन १९६९ च्या ऑक्टोबर महिन्यांत, २६ तारखेस, तीन अमेरिकन गृहस्थ विमानानें सांताक्रूझ येथें उतरले. नील आर्मस्ट्राँग, एडविन ऑल्ड्रिन व मायकेल कॉलिन्स हीं त्यांचीं नांवें. तीनच महिन्यांपूर्वीं हे तिघे चंद्राची वारी करून परतले होते. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या आजी-आजोबांना तो दिवस आठवत असेल. चंद्रावर माणूस कोणत्या यंत्रांच्या साह्यानें गेला, हें पुष्कळ ठिकाणीं छापलेलें आढळतें. परंतु त्या वाटेवर त्याच्या देहाला व मनाला काय काय सोसावें लागलें, याचा विचार आपण क्वचितच करतों. तोच येथें थोडक्यांत करावयाचा आहे.

प्रारंभ होतो तो भारानें. अपोलो-११ ज्या अग्निबाणाच्या शेंड्यावर बसविलें होतें, त्याची उंची सुमारें ११० मीटर होती. उड्डाण होतांच आधीं हादरे बसतात, मग वेग वाढत जातो, आणि अखेरीस छातीवर असा दाब येतो कीं आपलें वजन चौपट झालें असें वाटावें. ६० किलोचा मनुष्य जणूं २४० किलोचा झाला, तर हात उचलणें देखील कष्टाचें होणारच. इतक्यांत पहिल्या टप्प्याचें इंधन संपतें, आणि प्रवासी एकदम पुढें फेंकले जातात. बारा मिनिटें होण्यापूर्वींच यान पृथ्वीभोंवतीं फिरूं लागतें. यंत्रें बंद होतात, आणि तो सारा भार नाहींसा होतो.

येथें एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. पृथ्वीपासून दूर गेल्यामुळें तिचें आकर्षण संपतें व म्हणून माणूस तरंगतो, असें पुष्कळांस वाटतें. तसें मुळींच नाहीं. पृथ्वीजवळून फिरणाऱ्या यानावर तिचें आकर्षण भूमीवर असतें त्याहून फारसें कमी नसतें. वांद्र्याच्या जत्रेंत मोठ्या पाळण्यांत बसून वरून खालीं येतांना पोटांत जो गोळा उठतो, तो सर्वांच्या परिचयाचा आहे. पाळणा खालीं येऊं लागतो, त्याबरोबर आपणही येऊं लागतों, आणि बैठकीचा आधार क्षणभर हलका होतो. यंत्रें बंद केलेलें यान असेंच सतत पडत असतें, व आंतील माणूसही त्याच वेगानें पडत असतो. म्हणून त्याला कशाचाच आधार लागत नाहीं आणि वजन भासत नाहीं. फरक इतकाच कीं, पाळण्यांतील तो क्षण येथें दिवसांनीं मोजावा लागतो.

अशा स्थितींत वर आणि खालीं हा भेदच उरत नाहीं. कानाच्या आंत तोल सांभाळणारें जें इंद्रिय आहे, तें गोंधळून जातें. १९६८ च्या डिसेंबरांत अपोलो-८ चे नायक फ्रँक बोर्मन यांना वांत्या झाल्या. कसलेला वैमानिकही यांतून सुटत नाहीं. पायांकडील रक्त डोक्याकडे सरकतें, चेहरा सुजल्यासारखा होतो, नाक चोंदतें. त्याच वर्षीं पृथ्वीभोंवतीं फिरणाऱ्या अपोलो-७ मधील वॉल्टर शिरा यांना पडसें झालें. पण नाकांतून पाणी खालीं वाहण्यास ‘खालीं’ ही दिशाच नसल्यामुळें तें तुंबून राहिलें, आणि घरीं ज्याची आपण पर्वाही करीत नाहीं अशा दुखण्यानें त्यांना बेजार केलें.

चंद्र सुमारें ३,८४,००० किलोमीटर दूर. तेथवर जाण्यास अदमासें तीन दिवस लागतात. यानाची एक बाजू तापून दुसरी गारठूं नये म्हणून, निखाऱ्यावर मक्याचें कणीस फिरवावें तसें तें हळूहळू फिरवीत ठेवतात. डोळे मिटून पडलें तरी अंधारांत मधूनच प्रकाशाची ठिणगी चमकून जाते. विश्वकिरणांचे कण डोळ्यांतून आरपार जातात, त्याचा तो परिणाम. अपोलो-८ मधील जेम्स लोव्हेल यांनीं खिडकीपाशीं हात लांब करून अंगठा पुढें धरला, तेव्हां सारी पृथ्वी त्या अंगठ्याआड झांकली गेली.

यान चंद्राच्या मागें गेलें कीं पृथ्वीशीं चाललेलें संभाषण तुटतें. दोन सोबती चंद्रावर असतां कॉलिन्स एकटेच वर फिरत राहिले. प्रत्येक फेरा सुमारें दोन तासांचा, आणि त्यांत पाऊण तासाहून अधिक वेळ मनुष्याचा शब्द म्हणून कानीं नाहीं. परंतु त्यांना भय होतें तें या एकांताचें नव्हे. खालचे दोघे पुन्हां वर येऊं शकले नाहींत तर आपणांस एकट्यानेंच घरीं परतावें लागेल, ही धास्ती त्यांनीं स्वतः लिहून ठेविली आहे. खालीं, बाहेर पाऊल टाकण्यापूर्वीं, ऑल्ड्रिन यांनीं बरोबर नेलेली भाकर व द्राक्षारस घेऊन प्रभुभोजनाचा विधि शांतपणें केला.

चंद्रावर वजन एक षष्ठांश होतें, आणि चालण्यापेक्षां उड्या मारीत जाणें सोयीचें पडतें. आश्चर्य हें कीं, तेथें पायांपेक्षां डोळेच अधिक फसवितात. मुलुंडहून पश्चिमेचे डोंगर पाहावे. जवळचें झाड स्पष्ट, पलीकडचीं घरें किंचित् फिकीं, आणि डोंगर निळसर, धूसर. या धूसरपणावरून व झाडांच्या, घरांच्या आकारावरून आपण नकळत अंतर ताडतों. चंद्रावर हवा नाहीं, म्हणून धूसरपणा नाहीं. झाड नाहीं, घर नाहीं. हाताशीं असलेला धोंडा आणि कोसभर दूरचा कडा सारखेच लख्ख. १९७१ च्या फेब्रुवारींत अपोलो-१४ चे ॲलन शेपर्ड व एडगर मिचेल एका मोठ्या विवराच्या कांठावर जाण्यास निघाले. एक चढ चढावा, तों पुढें दुसरा उभाच. धाप लागली, नाडी जलद झाली, नेमलेला वेळ संपत आला, आणि कांठ दृष्टीस न पडतांच त्यांना मागें फिरावें लागलें. मागाहून नकाशे व छायाचित्रें ताडून पाहतां असें आढळलें कीं, ते कांठापासून अवघ्या तीसेक मीटरांवर पोंचले होते! शाळेचें पटांगण ओलांडण्याइतकेंही तें अंतर नव्हे.

यानांत शिरून शिरस्त्राण काढलें कीं कपड्यांस चिकटलेल्या धुळीचा वास येतो. तो जळलेल्या बंदुकीच्या दारूसारखा असतो असें अनेकांनीं सांगितलें आहे. दिवाळीच्या रात्रीं आपल्या गल्लींत दरवळतो त्याच जातीचा म्हणावयाचा.

परतीची वाट नेहमींच सुखाची असते असें नाहीं. १९७० च्या एप्रिलांत अपोलो-१३ चंद्राकडे जात असतांना त्यांतील प्राणवायूची टांकी फुटली. वीज वांचविण्यासाठीं बहुतेक यंत्रें बंद करावीं लागलीं. हवा इतकी गारठली कीं भिंतींवर दंव जमलें, आणि पाणी प्रत्येकास दिवसाकांठीं पेलाभर. फ्रेड हेज यांना तशांत ताप भरला. तिघेही जिवंत घरीं पोंचले, हें त्यांच्या धीराचें फळ आणि पृथ्वीवर रात्रंदिवस जागणाऱ्या शेंकडों माणसांच्या कष्टांचेंही.

शेवटीं पुन्हां भार. ताशीं सुमारें ४०,००० किलोमीटर वेगानें यान वातावरणांत शिरतें, खिडकीबाहेर ज्वाळा दिसूं लागतात, आणि इतके दिवस वजन विसरलेल्या देहावर सहापटींहून अधिक ओझें येऊन पडतें. आपल्याकडे आलेले ते तिघे २४ जुलै १९६९ रोजीं पॅसिफिक महासागरांत उतरले. चंद्रावरून एखादा रोगजंतु बरोबर आला असेल, या शंकेनें त्यांना १० ऑगस्टपर्यंत बंद जागेंत ठेवण्यांत आलें. त्यांच्या पत्नी भेटीस आल्या, तेव्हां त्यांना खिडकीच्या कांचेबाहेर उभें राहूनच बोलावें लागलें.