शिपायाचें गाऱ्हाणें

आमच्या कवठे महांकाळास पोलीस शिपाई आहेत, कोर्टाचे कारकून आहेत व शाळामास्तरही आहेत. १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीस लागलेल्या या तिघांचेंही जुनें निवृत्तिवेतन सारखेंच गेलें. त्यासाठीं मार्च २०२३ मध्यें राज्यभर संप झाला, तेव्हां मास्तर घरीं बसले. शिपायानें मात्र बंदोबस्तास जावयाचें!

घटनेचें ३३ वें कलम व १९६६ चा कायदा यांमुळें सरकारच्या परवानगीवांचून शिपायास कामगार संघांत जातां येत नाहीं. दिलेली मान्यताही टिकतेच असें नाहीं. ऑगस्ट १९८२ मध्यें मुंबईंत पोलीस संघटनेचे पुढारी पकडले गेले, शिपाई रस्त्यावर उतरले, लष्कर बोलवावें लागलें. संघटनेची मान्यताही गेली. कारकुनास संघ आहे; परंतु सरकारी नोकरास संपाचा हक्क नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २००३ सालीं सांगितलेंच आहे.

चोर कांहीं संप मिटण्याची वाट पाहत नाहींत, हें आम्हांस मान्य आहे. पण संप नको, तर ज्याचा निवाडा सरकारासही बांधील राहील असा तिऱ्हाईत पंच तरी द्यावा. गणपतीच्या दहा दिवसांत ज्या घरचा कर्ता आरतीस क्वचितच सांपडतो, त्या घराचें गाऱ्हाणें ज्या साहेबाविरुद्ध, त्याच साहेबापुढें मांडावें लागतें.