दारची बारमाही फुलझाडे



लागणीची पाहणी करायला आम्ही वस्त्यावस्त्यांवर फिरतो. फडात सरी कशी दोरीत, बांध कसा स्वच्छ! पण घराकडे वळावे तर दारात मोरीच्या पाण्याचे डबके, अन् देवाची फुले मात्र बाजारच्या पुडीतली. हे काही आम्हाला पटत नाही.

नर्सरीवाला हटकून कलमी गुलाब गळ्यात मारतो. त्याची छाटणी, औषध, खत तोडणीच्या धांदलीत कोण बघणार? आपल्याला झाड हवे ते खोडव्यासारखे, एकदा लावले की वर्षानुवर्षे चालणारे, अन् फुले बाराही महिने देणारे.

पहिला मान जास्वंदीचा. साधी लाल, एकेरी घ्या. रंगीत संकरित जाती दिसतात झकास, पण नाजूक. आर्द्राच्या पावसात पेन्सिलीएवढी जाड, वीतभर जून काडी लावावी. उसाच्या टिपरीसारखी आडवी नव्हे, उभी. अन् शेंडा-बुडखा उलटा होऊ देऊ नका. फूल नव्या फुटीवर येते, म्हणून वर्षातून एकदा छाटणी हवीच. शेंड्यावर कापसासारखे पांढरे दिसले की पिठ्या ढेकूण आला समजा. तेवढे शेंडे खुडून जाळावेत.

सदाफुली मूळची मादागास्करची, पण इथे बी पडून आपोआप उगवते. पाणी साचले की मूळ कुजते, एवढेच तिचे पथ्य. रक्ताच्या कॅन्सरवरचे व्हिन्क्रिस्टीन हे औषध हिच्यातूनच काढतात. म्हणून कुणी घरी पाला उकळून पिऊ नये. तो विषारी आहे. भिंतीच्या सावलीला अबोली, कुंपणाला तगर.

पाणी मोरीचेच पुरते. छोटी चारी काढून ते जास्वंद-तगरीला द्या. कपड्याच्या सोड्याचे पाणी तेवढे रोज एकाच बुडख्यात नको. बुडाशी चार बोटे पाचट पसरा, खोडाला चिकटू न देता. फडात पाचट जाळू नका म्हटले की मंडळी हसतात. चैतात दारचा हा थर उचलून खाली हात लावून बघा, मग बोलू.

आता कण्हेरीचे. खडकाळ जागेत, बिनपाण्याची बहरते, म्हणून बरेच जण लावतात. पण ती सर्वांगाने विषारी, अन् पिवळी बिट्टीही तशीच. गोठ्याजवळ, वैरणीच्या गंजीजवळ ती बिलकूल नको. हिरवा पाला कडू म्हणून जनावर सहसा तोंड लावत नाही. पण छाटलेल्या फांद्या वाढ्यांत मिसळल्या किंवा कुट्टीत गेल्या, तर दावणीचा बैल हकनाक जातो. पाला वाळला तरी विष जात नाही. गोठ्यालगत कण्हेर असेल त्यांनी हंगामाची वाढी दारात यायच्या आत ती मुळासकट काढावी, चुलीत न घालता खोल खड्ड्यात पुरावी. बिट्टीच्या बियांनी पोरांना खेळू देऊ नये. जनावराने पाला खाल्ल्याची नुसती शंका आली तरी घरगुती उपायात वेळ न दवडता लगोलग जनावरांच्या डॉक्टरला बोलवावे.