आढाव्याची बैठक : आधी कोणी बोलावे?

कारखाना म्हटला की बैठक आलीच. नवी शेड बांधायची असो की यंत्रे बसवायची असोत, दर पंधरवड्याला कामाचा आढावा घ्यावा लागतो. चहा होतो, अहवाल वाचला जातो, ‘काम समाधानकारक आहे’ एवढे टिपणात लिहून मंडळी उठतात. अशा बैठकांत आम्ही कामगारांच्या बाजूने तीस वर्षे बसलो, म्हणून आज चार शब्द बोलण्याचे धाडस करतो. शाळा आमची सातवीतच सुटली. जे सांगतो ते शॉपवर शिकलेले.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात वर्क्स कमिटी नेमण्याचा आदेश देण्याचा अधिकार सरकारला दिला होता. तीत कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नयेत, अशी अट होती. खुर्च्यांची बरोबरी कायद्याने झाली. पण खुर्ची मिळाली म्हणजे तोंड उघडतेच असे नाही.

१९९८ सालची गोष्ट. आमच्या कारखान्यात मोठे प्रेस एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये हलवायचे होते. चार बैठका झाल्या. प्रत्येक वेळी मॅनेजरसाहेब प्रथम बोलत आणि काम वेळेवर असल्याचे सांगत. साहेबांनी एकदा ‘वेळेवर’ म्हटल्यावर ‘नाही’ कोण म्हणणार? पाया घालणाऱ्या टोळीचा मुकादम दाराजवळ उभा असे. त्याला ठाऊक होते की, पायातले बोल्ट आणि प्रेसच्या तळाची भोके जुळत नाहीत. नकाशाच दुसऱ्या प्रेसचा आला होता. हे तो कँटीनमध्ये बोलला, बैठकीत नाही. आणि आम्ही? आम्ही युनियनचे प्रतिनिधी चारही बैठकांत कँटीनच्या चहाचे भांडण भांडत होतो. (चहा वाईटच होता, ही गोष्ट वेगळी.) पुढे प्रेस पायावर ठेवला, तो बसेना. काँक्रीट फोडावे लागले. तीन आठवडे उत्पादन थांबले, त्या महिन्याचा उत्पादन-बोनस बुडाला. महिना जूनचा, पोरांच्या वह्या-पुस्तकांचे काय, हा प्रश्न घरोघर उभा राहिला. यात साहेबांइतकाच दोष आमचाही होता.

मोठ्या शिकलेल्यांच्या बैठकीतही हेच घडते. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री अमेरिकेत ‘चॅलेंजर’ यान सोडावे की नाही, यावर दूरध्वनीवरून बैठक झाली. थंडीत अग्निबाणाच्या सांध्यांतील रबरी कडी दगा देतील, असे ते अग्निबाण बनविणाऱ्या कंपनीचे इंजिनियर सांगत होते. मग कंपनीने पाच मिनिटे मागून घेतली. ती अर्धा तास चालली. शेवटी निर्णय चार व्यवस्थापकांनी केला, इंजिनियरांना विचारलेच नाही. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटले आणि सात माणसे गेली.

लष्करी न्यायालयात सर्वांत कनिष्ठ अधिकाऱ्याचे मत आधी घेतात, हे आम्ही कुठेतरी वाचले होते. वरिष्ठ आधी बोलला की खालच्याचे मत त्याचे राहत नाही, हे त्यामागचे इंगित. आम्ही तीच रीत मागितली. प्रत्यक्ष हात लावणाऱ्याने आधी बोलावे, साहेबांनी शेवटी. दुसरे मागणे असे की, मागच्या बैठकीचे ठराव प्रथम वाचावेत आणि प्रत्येक कामापुढे ‘विभागाने करावे’ असे मोघम न लिहिता एका माणसाचे नाव व तारीख लिहावी. विभागाला कोणी जाब विचारू शकत नाही, माणसाला विचारता येतो. तिसरी गोष्ट मात्र कागदावर मावत नाही. वाईट बातमी आणणाऱ्यावर डाफरायचे नाही, हे साहेबांनी आणि आम्हीही पाळायचे होते. आमच्यातलेच काहीजण ‘साहेबांपुढे कशाला बोललास?’ म्हणून मुकादमाला दटावीत, हे कबूल केले पाहिजे.

बैठक लांबेल, असे मॅनेजरसाहेबांचे म्हणणे पडले. पहिली खरोखरच दोन तास चालली. मुकादमाला खुर्ची दिली; तो तिच्या कडेवर बसला, घसा खाकरला आणि म्हणाला, “साहेब, क्रेनचा वायररोप उसवलाय. तो बदलल्याबिगर दुसरा प्रेस उचलू नका.” साहेबांचा चेहरा उतरला, पण ते काही बोलले नाहीत. टिपणात स्टोअरकीपरचे नाव आणि सोमवारची तारीख पडली. रोप मंगळवारी आला. प्रेस बुधवारी उचलला.