चिपीचं विमान का थांबलं?

९ ऑक्टोबर २०२१ला सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचं उद्घाटन झालं, मुंबईचं विमान सुरू झालं आणि गणपतीच्या तिकिटासाठी दरवर्षी झुरणाऱ्या चाकरमान्यांना हायसं वाटलं. २०२४च्या ऑक्टोबरात ते विमान बंद पडलं. कुणी म्हणालं सरकारने बंद केलं, कुणी म्हणालं कंपनीने तोंडाला पानं पुसली. खरं कारण करारातच आहे. लहान शहरांच्या विमानसेवेसाठी असलेल्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेची मदत तीन वर्षांचीच असते.

सगळ्यात पक्का गैरसमज असा, की कुठून कुठे विमान उडेल हे दिल्लीत ठरतं. देशांतर्गत मार्ग निवडायला कंपन्या १९९४पासून मोकळ्या आहेत. एकच बंधन आहे : मुख्य मार्गांवर जेवढी आसनं, त्यांच्या ठरावीक टक्के आसनं इतरत्र न्यायची. त्यात ईशान्य भारत, काश्मीर, अंदमान, लक्षद्वीप यांचा वाटा राखीव आहे. चिपीचा किंवा जळगावचा नाही. म्हणून २०१६मध्ये ‘उडान’ आली. तिच्यातही मार्ग कंपनीच सुचवते, आणि तोटा भरून काढायला जी सर्वांत कमी पैसे मागते तिला तो मार्ग तीन वर्षं, स्पर्धेविना, मिळतो. पांगुळगाडाच म्हणा. तो काढून घेतल्यावर मूल चालेल, असा हिशेब.

किती चालली? महालेखापरीक्षकांच्या २०२३च्या अहवालातले आकडे बोलके आहेत. पहिल्या तीन टप्प्यांत ७७४ मार्ग दिले गेले. त्यांतल्या ४०३ मार्गांवर विमान उडालंच नाही. उरलेल्या ३७१पैकी तीन वर्षं पुरी केली ११२ मार्गांनी, आणि मार्च २०२३पर्यंत तग धरला फक्त ५४ मार्गांनी. ‘विमानतळ झाला की विमान येतंच’ म्हणणाऱ्यांनी हे आकडे एकदा नीट वाचावेत. धावपट्टी तयार असली तरी मुंबईसारख्या गच्च भरलेल्या विमानतळावर सोयीची वेळ मिळावी लागते. पहाटे भलत्याच वेळी निघणाऱ्या विमानासाठी गाव सोडून कोण जाणार? जळगावहून २०१७च्या डिसेंबरात मुंबईसाठी १९ आसनी विमान सुरू झालं. तेही टिकलं नाही.

‘उडान’च्या अडीच हजारांच्या तिकिटाबद्दलही असाच गैरसमज आहे. तासाभराच्या प्रवासाला २५०० रुपये ही सुरुवातीची कमाल मर्यादा होती, पण साधारण निम्म्याच आसनांना. ७० आसनी विमानात ३५ जण त्या दरात, छत्तिसावा बाजारभावाने. शेजारच्याने दुप्पट मोजले म्हणून विमान कंपनीशी भांडणारे, निदान या बाबतीत, उगाच भांडतात.

आणि हा पैसा करदात्याचा म्हणावा, तर तेही अर्धंच खरं. मोठा वाटा मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर लावलेल्या आकारातून येतो, राज्याचा वाटा साधारण वीस टक्के. म्हणजे मुंबई–दिल्ली करणारा प्रवासी नकळत नांदेडकराच्या तिकिटाला हातभार लावतो. मला यात गैर काही दिसत नाही. खटकतं ते एवढंच, की मुदत कधी संपते हे फीत कापताना कुणी सांगत नाही.

अमरावतीच्या बेलोऱ्याहून मुंबईचं ‘उडान’ विमान १६ एप्रिल २०२५ला निघालं. त्यात तीन वर्षं मिळवा : एप्रिल २०२८.